मदत हवी आहे: सिलिअ‍ॅक असेल तर फ्लेवर्ड व्होडका चालते का?

बहिणीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन तिला चालत नाही, बायोप्सीत कन्फर्म झालंय, डॉक्टरांनी कधीतरी एखादा पेग चालेल म्हटलंय त्यामुळे पिऊच नको हा सल्ला नको प्लीज. बिअर बंदच आहे. रम उसाच्या मळीची, ब्रँडी द्राक्षाची, तिथे प्रश्न नाही. व्हिस्की बार्लीची असली तरी डिस्टिल करताना ग्लूटेन वाफेबरोबर वर येत नाही, मागेच राहतं, हे पटलंय. अडलंय ते फ्लेवर्ड व्होडका आणि क्रीम लिकरवर, कारण तिथे फ्लेवर डिस्टिलेशननंतर घालतात आणि बाटलीमागे बारीक अक्षरात नुसतं 'फ्लेवरिंग' लिहिलेलं असतं. कंपनीला मेल केला तर 'धान्यापासून बनवतो' एवढंच उत्तर आलं. ग्लूटेन 20 पीपीएमच्या (दहा लाखात 20 भाग, 'ग्लूटेन-फ्री' म्हणायची मर्यादा) खाली आहे की नाही याचं स्पष्ट उत्तर मिळायला कंपनीकडे नेमकं काय मागायचं?