लातूरहून स्टुटगार्ट: सहा बॅगांत काय घ्यावं, काय इथंच ठेवावं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर लातूरहून स्टुटगार्टला जायचं आहे, किमान चार-पाच वर्षांसाठी. मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. हाती अजून सात महिने आहेत. विमान हैदराबादहून, दुबईमार्गे. प्रत्येकी २३ किलोच्या दोन, म्हणजे तिघांच्या मिळून सहा बॅगा. पहिले दोन महिने कंपनीच्या फर्निश्ड फ्लॅटमध्ये, पुढं घर शोधायचं.

माझी यादी: ५ लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, ७५० वॅटचा मिक्सर, लोखंडी खोलगट तवा, काठवट, पोळपाट-लाटणं, दोन वाकळा, तांब्याचा हंडा, देवघरातल्या पितळी मूर्ती आणि टाक.

सासूबाईंची यादी वेगळी: काळं तिखट ३ किलो, येसर २ किलो, ज्वारीचं पीठ १० किलो, तूरडाळ ५ किलो, साजूक तूप २ किलो, खोबऱ्याच्या वाट्या, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, पेढे. "तिकडं काय मिळतंय मेलं" एवढ्यावर विषय संपतो.

यातलं काय खरंच न्यावं? आणि उरलेलं जहाजानं मागवणं परवडतं का?

बालाघाट

आधी वजनाचा हिशोब करा, मग यादी. २३ किलोच्या बॅगेत २३ किलो सामान मावत नाही, कारण रिकामी बॅगच साडेतीन किलोची असते. सहा बॅगांचे १३८ किलो, त्यातून २१ गेले, उरले ११७. तिघांचे कपडे ४५, चपला-बूट आणि लेकराची पुस्तकं-खेळणी १२. म्हणजे स्वयंपाकघर, खाणं आणि अंथरूण-पांघरूण मिळून ६० किलो. त्यातले भांड्यांना २०, खाण्याला २५, वाकळांना ६ आणि ९ किलो हाताशी मोकळे. घरचा वजनकाटा एखादा किलो इकडंतिकडं दाखवतो, म्हणून प्रत्येक बॅग २२ वर थांबवा. एक बॅग २६ आणि दुसरी २० असली की विमानतळावर सगळ्यांसमोर बॅगा उघडून कुरडया इकडच्या तिकडं करत बसावं लागतं. हवा काढायच्या प्लास्टिक पिशव्यांनी वाकळ चपटी होते, हलकी होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता सासूबाईंची यादी. तूप आणि पेढे काढून टाका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, खवा, पेढे, बर्फी सगळं त्यात आलं. डबा कितीही पक्का सील केला तरी सापडला की जप्त. तिकडं लोणी चांगलं मिळतं. बिनमिठाच्या लोण्यात साधारण ८२ टक्के स्निग्धांश असतो, २५० ग्रॅमच्या पाकिटातून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. पाकिटावर 'सावररामबुटर' लिहिलेलं बघून घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, कढवताना घरच्या लोण्यासारखा वास येतो.

खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, दाटीवाटीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते धोक्याच्या मालात धरतात. मसाल्यात दळलेलं खोबरं ही वेगळी गोष्ट.

कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते आपल्याकडं नसतं. कुंडीतली तुळस मातीसकट तर विसराच. तूरडाळ लातूरची कितीही चांगली असली तरी ५ किलो वजन त्यात घालू नका, स्टुटगार्टच्या भारतीय दुकानांत तूर, मूग, उडीद सगळं मिळतं. मात्र येसर, काळं तिखट, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, खारोड्या तिथं कुणी ठेवत नाही. २५ किलो त्यांच्यासाठीच राखा.

चूल_आणि_तवा

वरच्या हिशोबाशी सहमत, पण खरा घोळ चुलीवर होतो. तिकडं फ्लॅटमध्ये गॅस क्वचित. बहुतेक ठिकाणी सपाट काचेची शेगडी, आणि ती दोन प्रकारची: काचेखाली तापणारी कॉइल असलेली साधी, किंवा इंडक्शन. घर ठरेपर्यंत कोणती मिळेल ते कळत नाही, त्यामुळं दोन्हींवर चालेल तेच भांडं न्यायचं.

घरीच दोन चाचण्या घ्या. फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला लावा, घट्ट चिकटलं तर इंडक्शनवर चालेल. मग भांडं पालथं घालून बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरा. मधे उजेड दिसला किंवा पट्टी डुगडुगली, तर काचेवर ते नीट टेकणार नाही, कडेलाच तापेल नाहीतर मधेच. तुमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर पहिल्याच चाचणीत जाणार, खोलगट तवा दुसऱ्यात.

कुकर स्टीलचा, इंडक्शन बुडाचा, ३ लिटरचा घ्या. तिघांना डाळ-भात एकाच वेळी होतो. सोबत त्याच कंपनीचे, त्याच मापाचे दोन गॅस्केट, दोन सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक जास्तीची शिट्टी. दुसऱ्या कंपनीचं गॅस्केट मापानं बसल्यासारखं वाटतं, पण वाफ कडेनं सुटते आणि शिट्टी होतच नाही. जास्तीचं गॅस्केट खिळ्याला टांगून ठेवू नका, ताणून लांबतं, सपाट ठेवा. साध्या काचेच्या शेगडीवर कॉइल बंद केल्यावरही चार-पाच मिनिटं तापलेलीच राहते. म्हणून तीन शिट्ट्यांची डाळ असेल तर दुसऱ्या शिट्टीला बंद करायची, नाहीतर तळाला लागते.

भाकरीचा तवा लोखंडीच, पण सपाट, ३ ते ४ मिलिमीटर जाड, २६ सेंटिमीटरच्या आतला. पातळ तवा इंडक्शनवर पहिल्या आठवड्यात मधोमध फुगतो, कारण खालून एकदम उष्णता आणि कडा थंड. मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू द्यायचा, मग वाढवायची. तवा काचेवरून ओढायचा नाही, उचलायचा. लोखंडाची धार काचेवर कायमचा ओरखडा उठवते, आणि भाड्याच्या घराच्या डिपॉझिटमधून तो कापला जातो.

भाकरी आरावर शेकता येणार नाही, हे मनाशी आधीच ठरवा. पाण्याची बाजू खाली करून तव्यावरच, स्वच्छ फडक्यानं कडेकडेनं दाबत फुगवायची. पिठाचं म्हणाल तर १० नको, ५ किलो न्या. ज्वारीचं पीठ महिन्या-दीड महिन्यात शिळं होऊन कडवट लागतं आणि भाकरी थापताना कडा चिरतात. तिथं पोचल्यावर अर्धं लगेच फ्रीजरमध्ये टाका. पुढं दुकानातलं पीठ घ्याल ते जुनंच असणार, त्याला उकळतं पाणी घालून उकड काढल्याशिवाय भाकरी वळणार नाही.

काठवट ठेवा इथं. लाकूड जड, आणि तिकडच्या कोरड्या हीटरच्या हवेत तडकतं. स्टीलची परात पुरे, तिच्यात बाकी सामानही भरता येतं.

वायरमन_परभणी

मिक्सर बिनधास्त न्या. जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखंच. अमेरिका-कॅनडाला जाणाऱ्यांनी हे वाचून मिक्सर बांधू नये, तिथं १२० व्होल्ट आहे.

अडचण फक्त प्लगची. तिकडचं सॉकेट गोल खोलगट, ४.८ मिलिमीटरच्या दोन पिनांचं, आणि अर्थिंग पिनेला नसून कडेच्या दोन पट्ट्यांना. आपला तीन पिनी प्लग त्यात जात नाही. लोक दोन पिनी स्वस्त अ‍ॅडाप्टर लावतात आणि तिथंच चुकतात, कारण अर्थिंग तुटतं. स्टीलचं भांडं, ओले हात आणि बिनअर्थिंगचा मिक्सर, समजून घ्या. भारतातून अर्थिंग असलेले दोन अ‍ॅडाप्टर न्या, किंवा तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून मिक्सरचा प्लगच बदलून घ्या. मोबाईलचे दोन पिनी चार्जर तसेच बसतात.

सोबत मिक्सरचे दोन कपलर, भांड्याच्या झाकणाच्या रिंगा आणि कार्बन ब्रशची एक जोडी घ्या, सगळं मिळून १०० ग्रॅमही भरत नाही. कपलर झिजला की मोटर फिरते आणि पातं जागचं हलत नाही, लोक मिक्सर जळाला समजून टाकून देतात.

पॉवर बँक चेक-इनमध्ये नको, हातातच, तीही १०० वॅट-अवरच्या आत.

गोदाकाठचा

मिक्सर न्याच, पण वापरायच्या वेळा पाळा. तिकडं रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते, रविवारी तर दिवसभर. रविवारी सकाळी खलबत्त्यात चटणी कुटलीत तर खालचे शेजारी वर येतील. चटणी शनिवारी.

फोडणीचंही ध्यानात ठेवा. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात. लाल मिरचीची फोडणी द्यायच्या आधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी.

मांजराकाठ

बाप रे, तवा आणि कुकर एकेका चाचणीत नापास झाले. बरं झालं विचारलं. जहाजाचं कुणी सांगेल का? हंडा, वाकळा, लाकडी कपाट, मुलीचा पलंग असं जास्तीचं सामान म्हणते मी. आणि पितळी मूर्तींचं काय?

बालाघाट

ताई, कपाट-पलंग नेऊ नका. न्हावा शेवाहून हॅम्बुर्गला माल घनमीटरवर जातो. कंटेनर दुसऱ्यांसोबत वाटून घेतला तरी किमान एका घनमीटरचे पैसे लागतात, वर तिकडच्या बंदराचे आणि स्टुटगार्टपर्यंतच्या ट्रकचे वेगळे. कोटेशन मागताना 'दारापासून दारापर्यंत' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर स्वस्त आकडा फक्त समुद्राचा निघतो. दोन-अडीच महिने धरून चाला. लाकडी खोक्यात बांधणार असतील तर लाकूड उष्णता-प्रक्रियेचं आणि त्यावर तसा शिक्का असलेलं हवं.

गाद्यांचं मापही जुळत नाही. तिकडं ९०, १४०, १८० सेंटिमीटर रुंद आणि २०० लांब, आपल्या इंचाच्या गाद्यांवरच्या इलॅस्टिकच्या चादरी त्यावर बसत नाहीत. साध्या चादरी चालतात.

घर शोधताना मात्र एक शब्द पाठ करा: 'आइनबाउक्युशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर. जाहिरातीत तो नसेल तर घरात ओटा, सिंक, शेगडी काहीच नसू शकतं, छताला दिव्याच्या नुसत्या वायरी लोंबतात. जहाजाचे पैसे त्यासाठी राखा.

तरी पाठवायचंच असेल तर: घर हलवताना आणलेल्या वापरातल्या सामानाला जर्मन कस्टम्स शुल्क लावत नाही. अटी अशा, की तुम्ही किमान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेले असावेत, वस्तू किमान ६ महिने तुमच्या वापरात असावी, तिथं राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत ती यावी, आणि पुढचे १२ महिने ती विकू वा कुणाला देऊ नये. ०३५० क्रमांकाचा फॉर्म, सामानाची यादी, तिथल्या पत्त्याची नोंदणी, नोकरीचा करार एवढं लागतं. म्हणून नवा कुकर-तवा घ्यायचा तर आत्ताच घ्या, पावती जपा आणि रोजच्या वापरात काढा. जुलैत घेतलेलं 'वापरातलं' ठरत नाही. पुढं घरच्यांनी पोस्टानं काही पाठवलं तर भेटवस्तू ४५ युरोपर्यंतच माफ.

मूर्ती हातातल्या बॅगेत, वेगवेगळ्या गुंडाळून. पितळ एक्स-रेत काळं ठोकळं दिसतं, उघडायला सांगतील, सांगू द्या. मूर्ती किंवा टाक १०० वर्षांहून जुने असतील तर १९७२च्या कायद्याप्रमाणे ते पुरावस्तू ठरतात, देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनं दिसतं पण तितकं जुनं नाही असं असेल, तर पुरातत्त्व खात्याचं तसं प्रमाणपत्र घ्या. पणजीच्या वेळचे टाक घरीच राहू द्या, इथं त्यांची पूजा तरी होईल. देव्हाऱ्यातलं मोरपीसही काढून ठेवा, त्याच्या निर्यातीला बंदी आहे.

हंडा नको. त्याच्या पोटात चार किलो येसर-तिखट मावेल असं वाटतं खरं, पण पोचेस्तोवर पोचा पडतो.

मसालेवाली

काळ्या तिखटाबद्दल कुणीच बोललं नाही. तुम्ही दुबईमार्गे जाताय. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. चेक-इन बॅग ट्रान्झिटमध्ये सहसा कुणी उघडत नाही, पण पुढचं विमान चुकलं आणि बॅग ताब्यात घेऊन बाहेर पडावं लागलं तर ती तुमच्या हातात असते. अख्खी खसखस नेऊ नका, आणि या खेपेचं तिखट सासूबाईंना खसखशीवाचून करायला सांगा. जर्मनीत खसखस बेकरीच्या सामानात मिळते, निळसर-काळी. चवीला जवळ, रंगाला नाही.

तिखट जायच्या आठ-दहा दिवस आधी करा, महिनाभर आधी नको. दळून आणल्यावर ताटात पूर्ण गार होऊ द्या. कोमट भरलं की पिशवीत घाम येतो आणि गुठळ्या होतात. खोबऱ्याचं तेल साध्या प्लास्टिकमधून पाझरतं, म्हणून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जाड पिशव्या, किराणावाल्याकडून मशीनवर सील करून, वर दुसरी पिशवी. स्टीलच्या डब्यात भरू नका, वजन वाढतं आणि झाकण उघडलं तर तिघांच्या कपड्यांना महिनाभर तोच वास. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहा. मिरचीपूड किंवा तिखट हातातल्या बॅगेत चालत नाही. पोचल्यावर एक पिशवी बाहेर, बाकी फ्रीजरमध्ये. बाहेर ठेवलेलं खोबऱ्याचं तिखट पाच-सहा महिन्यांत खवट होतं. येसर भाजलेल्या धान्या-डाळीचं असल्यानं टिकतं, फक्त ओला चमचा घालू नये.

आणि हातातल्या बॅगेत मुलीचं लसीकरणाचं कार्ड. तिकडं पाळणाघर-शाळेत घालताना गोवराच्या दोन डोसचा पुरावा कायद्यानं लागतो. कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख आणि शिक्का आहे का ते आजच बघा. नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या नोंदवहीवरून लिहून घ्यायला अजून वेळ आहे.

मांजराकाठ

बघितलं. तारीख आहे, शिक्का नाही. सोमवारी जाते.