तेडागर बेन आठवतात का? बडोद्याच्या अंगणवाडीचे अनुभव लिहा

वाडीतली_लेक
आज सकाळी प्रतापनगरला एक तेडागर बेन चार पोरांना घेऊन चाललेल्या, एक कडेवर, दोन पदराला धरून आणि चौथा एक चप्पल हातात घेऊन मागे मागे. मी स्कूटी बाजूला घेतली आणि बघतच राहिले.
बाहेरगावच्यांसाठी सांगते, अंगणवाडीत शिकवतात त्या कार्यकर बेन आणि घरोघरी जाऊन मुलं गोळा करतात त्या तेडागर. गुजरातीत तेडवुं म्हणजे कडेवर घेणं, तेडुं म्हणजे बोलावणं.
१९९२-९३ची गोष्ट असेल, बाबांचा कारखाना बंद पडला होता, आई सकाळी सातला रावपुऱ्यात चार घरी पोळ्या करायला जायची, मी आणि तान्हा भाऊ आजीजवळ. आजीचं एकच, आपल्यातली मुलं तिथे जात नाहीत. तेडागर बेन रोज दारात यायच्या, आजी रोज नाही म्हणायची. आठवडाभर हेच. मग एक दिवस त्या उंबऱ्यावर बसल्याच, म्हणाल्या, "मा, छोकरीने मोकलो ने, हुं पाछी मूकी जईश." (मुलीला पाठवा ना, मी परत आणून सोडीन.) आजीने माझी वेणी घातली आणि पाठवलं.
तिथे सुखडी मिळायची. मी अर्धी फ्रॉकच्या खिशात घालून भावासाठी आणायची, खिशाला तुपाचा डाग पडायचा. आईने धुताना तो पाहिला आणि तिला वाटलं मी कोणाकडे मागितलं, तशीच तणतणत अंगणवाडीत गेली. आली ती भावाचं वजन करून! त्या लटकत्या काट्याच्या चड्डीत तो एवढा रडला होता की घरी येईपर्यंत हुंदके चालू. कार्डावर टिंब कमी वजनाच्या पट्ट्यात पडलं होतं. त्याचं अन्न त्याच महिन्यापासून सुरू झालं, राहिलेली लस टोचली. आज तो सहा फूट आहे.
तुमचेही अनुभव लिहा ना. आणि कोणी त्या काळात बडोद्याच्या वाडी भागात कार्यकर असेल तर प्लीज सांगा, मला त्या बेनचं नावही माहीत नाही, आम्ही नुसतं बेनच म्हणायचो.

मिरजेची_सून_बडोद्याची_लेक
वाडीत कुठे गं? रंगमहालकडे की आतल्या बाजूला? माझं माहेर तिथलंच!! इकडे तेडागरला मदतनीस म्हणतात पण तेडागरमधला तो कडेवर घेण्याचा अर्थ मदतनीसमध्ये नाही.
सुखडी म्हणताच तोंडाला पाणी सुटलं. कणीक, गूळ, तूप बास, पण माझी वडी दगड होते, काय चुकतं कोण जाणे

खारीशिंग
@मिरजेची_सून गूळ उकळू देऊ नका, वितळला की लगेच गॅस बंद आणि मग कणीक. पाक झाला की दगड होणारच. आमच्या घरी याच दगडासाठी खलबत्ता निघायचा 😄

दांडियाबाजार_काका
आमची मंडळी कार्यकर होती, २७ वर्षं. सकाळी रजिस्टर, मग मुलं, दुपारी गृहभेटी, मध्येच पोलिओ, मध्येच निवडणुकीच्या याद्या. आणि याला पगार नाही, मानधन म्हणायचं. केंद्राचा वाटा २०१८ला वाढला तेव्हा कार्यकरला ४५०० आणि तेडागरला २२५०, वर राज्य काय देईल ते. २०२२च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने या बायकांना ग्रॅच्युइटी लागू असं सांगितलं, ती केस आपल्याच दाहोद जिल्ह्यातल्या एका बेनच्या नावाने आहे, मणिबेन. ती बातमी मंडळींनी कापून देवघराच्या कपाटात ठेवलीय. मला सांगितलं, हे रद्दीत जाऊ द्यायचं नाही.

वाडीतली_लेक
काका, काकूंना माझा नमस्कार सांगा. खरंच.

तरसाळीची_आई
घाईत लिहितेय कुकर लावलाय. मुलगी १ जूनला सहा वर्षांची व्हायला बारा दिवस कमी पडली, पहिलीत घेतलंच नाही, नवा नियम. मला वाटलं वर्ष वाया. एका खासगी शाळेने बालवाटिकेसाठी (पहिलीच्या आधीचं वर्ष) जी फी सांगितली ती यांचा दोन महिन्यांचा पगार होता. समितीच्या म्हणजे सरकारी शाळेत बालवाटिका फुकट आहे हे मला अंगणवाडीच्या बेननी सांगितलं, नाहीतर कळलंच नसतं. आता आरटीईचा (खासगी शाळेत फुकट प्रवेशाचा) फॉर्म भरायचाय, उत्पन्नाचा दाखला काढायला दोनदा रजा घेतली यांनी. कोणाचा नंबर लागलाय का त्यात? सहा शाळा टाकू की

तरसाळीची_आई
शिट्टी झाली. सहा शाळा टाकू की जवळच्या दोनच?

खारीशिंग
जवळच्याच टाका ताई. माझ्या भाच्याला लांबची लागली, फी माफ पण रिक्षाचे पैसे कोण देणार, शेवटी सोडली.

होमसायन्सवाली
युनिव्हर्सिटीत असताना आमची फील्डवर्कची अंगणवाडी होती. दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी आठवते, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलं की लाल, म्हणजे मूल अतिकुपोषित. पहिल्यांदा लाल पाहिलं तेव्हा मी पट्टी काढून परत गुंडाळली, मग परत. दीड वर्षाची मुलगी होती, माझ्या बांगडीशी खेळत होती. तिची आई म्हणाली, बालशक्तीची पाकिटं (अंगणवाडीतून बाळासाठी मिळणारं पीठ) येतात पण घरातले सगळेच खातात. काय बोलणार? मोठ्या दोघांनाही भूक होतीच की. तेडागर बेननी मग रोज अकराला येऊन स्वतःसमोर शिरा करून भरवायला सुरुवात केली, पाकिटातलं पीठ, वरून चमचाभर तेल. तीन महिन्यांनी पट्टी पिवळ्यावर आली. त्या दिवशी बेननी मला चहा पाजला.

गोत्रीरोड
आमच्या सोसायटीमागे बांधकामावरच्या लोकांची वस्ती आहे, पोरं दिवसभर वाळूच्या ढिगावर. त्यांच्याकडे इथलं रेशनकार्ड नाही म्हणून अंगणवाडीत घेत नसतील ना?

होमसायन्सवाली
कार्ड लागत नाही! सहा वर्षांखालचं कुठलंही मूल, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, सगळ्यांना हक्क आहे. आणि वस्तीत सहाखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल तर लोकांनी मागितल्यावर तीन महिन्यांत द्यायची, हा सुप्रीम कोर्टाचा २००६चा आदेश आहे. अर्जात तसं लिहा.

गोत्रीरोड
४० असतील का... मी कधी मोजलीच नाहीत हो. नुसती बघत गेले दोन वर्षं.

दांडियाबाजार_काका
मंडळी विचारतायत रविवारी सकाळी चालेल का. वही पेन घेऊन येते म्हणाली. नाव, वय, आईचं नाव असं लिहायचं, नुसता आकडा नको.

वाडीतली_लेक
मीपण येते. नऊला?

गोत्रीरोड
आठला या, नऊला बायका कामावर जातात.