मदत हवी आहे: 'डॉक्टर हू'च्या टार्गेट कादंबऱ्या, जुन्या प्रती शोधाव्यात की नवी पुनर्मुद्रणं घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

लेकीला बाराव्या वाढदिवसाला 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या भागांवरून टार्गेट प्रकाशनाने काढलेल्या जुन्या कादंबऱ्या द्यायच्या आहेत, पण कुठली आवृत्ती घ्यावी यावर अडलोय. जाणकारांनी मदत करावी.

माझ्याकडे मामाने इंग्लंडमधल्या लेस्टरहून आणलेल्या सात प्रती आहेत. मालिका बघायला मिळाली त्याच्या कितीतरी आधी मी ही पुस्तकं वाचली. त्यामुळे माझ्या मनातला डॉक्टर पडद्यावरचा नाहीच, तो चित्रकार ख्रिस अकिलिओसच्या मुखपृष्ठावरचा आहे. बारीक ठिपक्यांनी काढलेला काळा-पांढरा चेहरा आणि भोवती भडक रंगांतले राक्षस! १९७३ साली टार्गेटची पहिली तीन पुस्तकं आली, तीही १९६० च्या दशकातल्या कादंबऱ्यांची पुनर्मुद्रणंच होती, पण अकिलिओसच्या चित्रांनी त्यांना नवं रूप दिलं. बीबीसीने जुन्या भागांच्या कितीतरी टेप पुसून टाकल्या होत्या. त्या कथा पुन्हा भेटायच्या तर पुस्तकातूनच. म्हणून मला मुखपृष्ठ ही वरवरची बाब वाटत नाही.

पुढे पुनर्मुद्रण करताना चित्रं बदलत गेली. 'डायनोसॉर इन्व्हेजन'चंच बघा. १९७६ च्या आवृत्तीवर अकिलिओसचा उडता सरडा आहे आणि त्याच्या चोचीजवळ मोठ्या अक्षरांत 'क्लॅक!' असा आवाज. दोनच वर्षांनी तेच पुस्तक जेफ कमिन्सच्या चित्रासह आलं. नव्वदच्या दशकात व्हर्जिन प्रकाशनाने काढलेल्या आवृत्त्यांवर ॲलिस्टर पिअरसनची चित्रं आहेत. ती देखणी आहेत, पण छायाचित्रासारखी. मला त्यांत ती धडधड जाणवत नाही.

२०११ पासून बीबीसी बुक्सने निवडक पुस्तकं पुन्हा अकिलिओसच्या मुखपृष्ठांसह काढली, सोबत नव्या प्रस्तावना (डालेक या मालिकेतल्या खलनायकांच्या पुस्तकाला लेखक नील गेमनची). हा निर्णय मला मनापासून आवडला. २०१८ साली पुन्हा सुरू झालेल्या नव्या मालिकेतल्या कथा टार्गेटच्या नावाने आल्या, तेव्हाही चित्रकार अँथनी ड्रायने तीच शैली पुढे नेली. पण जुन्यांपैकी मोजकीच निवडली गेली, बाकीच्यांसाठी जुना बाजारच गाठावा लागतो.

तिथेच मी फसलो. एका विक्रेत्याने फोटो 'क्लॅक'चा लावला आणि पाठवली १९७८ ची प्रत. पैसे परत मिळाले, पण मन खट्टू झालं.

आता माझे प्रश्न. विक्रेत्याकडे शीर्षकपानामागच्या मुद्रण-इतिहासाच्या पानाचा फोटो मागणं पुरेसं आहे, की आतलं पान एक आणि मुखपृष्ठ भलतंच असंही होतं? बीबीसीच्या पुनर्मुद्रणांत चित्रांचे रंग मूळच्या जवळ आहेत का? कुणाकडे दोन्ही असतील तर शेजारी ठेवून फोटो टाकाल का? आणि माझ्या जुन्या प्रतींची पानं पिवळी पडून सुटायला लागली आहेत. बारा वर्षांच्या हातात तशाच द्याव्यात, की वाचायला नवी देऊन जुन्या जपून ठेवाव्यात? बायको म्हणते जुन्याच दे, मामाचं अक्षर आहे त्यावर.

आत्येबहीण महिनाअखेरीस लंडनहून येतेय, पुस्तकं तिच्या पत्त्यावर मागवणार आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.