बेसची ओळ कुणाची? ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेटच्या निमित्ताने

खर्जवेडा (धागाकर्ता)

ॲस्टन बॅरेट 3 फेब्रुवारी 2024 ला मायामीत गेला, 77 वर्षांचा होता. बहुतेक बातम्यांत ओळख एकच: जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली, त्याचा बेस गिटारवादक. मला ही ओळख अपुरी वाटते आणि तिच्यामागे एक जुना अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. बॅरेट त्या संगीताचा सहनिर्माता होता, पण पैशाच्या हिशेबात तो शेवटपर्यंत रोजंदारीवरचा वादकच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथला हा मुलगा. पहिला बेस त्याने प्लायवूड आणि हाताशी सापडेल त्या सामानातून स्वतः बनवला. धाकटा भाऊ कार्लटन ड्रमवर. साठच्या दशकाच्या शेवटी ही जोडी तिथल्या स्टुडिओंत वाजवत फिरायची. एका निर्मात्याकडे त्यांचं नाव हिप्पी बॉइज, दुसऱ्याकडे अपसेटर्स. माणसं तीच, लेबलवरची नावं बदलायची. ली पेरी या निर्मात्याकडे वाजवताना मार्लीच्या बँडशी, वेलर्सशी गाठ पडली, 1970 चा 'सोल रेबल्स' हा अल्बम झाला आणि मग दोघे भाऊ वेलर्सचेच झाले.

त्या बँडमध्ये बॅरेटचं काम बेस वाजवण्यापुरतं नव्हतं. गाण्याची बांधणी तो करायचा, कीबोर्ड आणि गिटारवाल्यांना काय वाजवायचं ते सांगायचा, मिक्सिंगला टेबलापाशी असायचा. आणि ते वाजवणं नीट ऐका. कार्लटनच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात चारपैकी पहिली मात्रा रिकामी असते, किक आणि स्नेअर दोन्ही तिसऱ्या मात्रेवर एकत्र पडतात. ज्या जागी आपले कान समेची वाट बघतात तिथे काहीच नाही! अशा वेळी गाण्याला धरून ठेवतो तो बेस. गिटार फक्त मधल्या मात्रांवर तुटक वाजते, त्यामुळे गायकाच्या सुरावटीला उत्तर देणारी दुसरी सुरावट बेसचीच असते. ती काढून घ्या आणि गाणं म्हणून बघा.

2006 साली त्याने लंडनच्या हायकोर्टात वेलर्सची रेकॉर्ड कंपनी आयलंड रेकॉर्ड्स आणि मार्ली कुटुंबाविरुद्ध सुमारे 6 कोटी पौंडांचा दावा लढवला. हरला. वर खर्चही त्याच्याच अंगावर पडला. माझ्या मते कोर्ट हरण्याने त्याची बाजू खोटी ठरत नाही. तुमचं काय?

पळसदरी

वादक म्हणून बॅरेट मला तुमच्याइतकाच प्रिय आहे. पण अन्याय हा शब्द जपून वापरा. 1994 साली त्याने आणि इतर वेलर्सनी काही लाख डॉलर घेऊन तडजोडीवर सह्या केल्या होत्या. बारा वर्षांनी तोच हिशेब पुन्हा उघडायचा म्हटल्यावर न्यायाधीश दुसरं काय करणार? सही करून पैसे घेतल्यावर करार पाळायचा नसेल तर कराराला अर्थच उरत नाही.

आणि 'बेस काढून बघा' हे म्हणणं मला पटत नाही. 'नो वुमन, नो क्राय' एकटी गिटार घेऊन कुठल्याही कॉलेजच्या गच्चीवर म्हणा, गाणं ओळखू येतं. म्हणजे गाणं शब्दांत आणि चालीत आहे. बेसमुळे ते रेकॉर्डिंग महान होतं हे मान्य. पण रेकॉर्डिंग महान करणं वेगळं आणि गाणं रचणं वेगळं.

मडगावकर

खर्जवेडा, पूर्ण सहमत. आम्हां गोंयकारांना ही गोष्ट नवीन नाही. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंदाचं लेखन वर्षानुवर्षं केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवायचे, अरेंजमेंट करायचे, प्यारेलालजींचे ते गुरू. यातल्या किती गाण्यांच्या रेकॉर्डवर त्यांची नावं दिसतात? आमच्या गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली पोरं मुंबईत गेली, गाण्यातले मधले तुकडे त्यांनी रचले. चाल संगीतकाराची, कबूल. पण लोक गुणगुणताना ते तुकडेसुद्धा गुणगुणतात ना?

तिसरी मात्रा

चर्चा मार्लीभोवतीच फिरते आहे म्हणून एक वेगळं उदाहरण देते. माझ्या मते बॅरेटचं म्हणणं समजायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

1969 साली हॅरी जे ऑल स्टार्सच्या नावाने 'लिक्विडेटर' निघालं. ऑर्गनवर विन्स्टन राइट, बेसवर बॅरेट. ब्रिटनमध्ये पहिल्या दहात गेलं, चेल्सीच्या फुटबॉल मैदानावर अजून वाजतं. आता 1972 चं स्टेपल सिंगर्सचं 'आय विल टेक यू देअर' लावा. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं सोल गाणं. सुरुवात ऐका: तीच बेसची चाल, तोच झुलता ठेका. पुढे सगळं गाणं दोन कॉर्डवर चालतं, म्हणजे ते तोलून धरलंय कुणी, तर बेसने. गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या अल बेलचं.

गंमत म्हणजे ते रेकॉर्डिंग ज्यांनी वाजवलं तेही अमेरिकेतल्या अलाबामातल्या मसल शोल्सचे सेशनवाले, म्हणजे स्टुडिओत मोबदल्यावर वाजवणारेच. मध्येच गायिका मेव्हिस स्टेपल्स बेसवाल्या डेव्हिड हूडला लाडाने 'लिटल डेव्ही' अशी हाक मारते. गिटारच्या तुकड्याला ती बाबांना, म्हणजे पॉप्सना, पुकारते, वाजवतोय मात्र एडी हिंटन. किंग्स्टनच्या वादकांची ओळ अलाबामाच्या वादकांनी उचलली, आणि रचनेच्या मालकीत दोन्हीकडचे वादक कुठेच नाहीत. पळसदरी, इथे शब्द आणि गळा नंतर आला. आधी बेस होता. मग रचना कुणाची?

पळसदरी

चांगलं उदाहरण, पण पुरतं सांगा. 'लिक्विडेटर'चं वाद्यसंगीत मुळात टोनी स्कॉटच्या 'व्हॉट ॲम आय टू डू' या गाण्याचं. त्यावर ऑर्गन चढवून हॅरी जॉन्सनने ते बाजारात आणलं. म्हणजे एकाच ठेक्यावर स्कॉटही हक्क सांगणार, बॅरेटही, राइटही. पुढे?

जमैकाची सगळी परंपराच या मोकळिकीवर उभी आहे. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनमध्ये साउंड डायमेन्शन या वादकसंचाने 1967 साली वाजवलेला 'रिअल रॉक' घ्या. त्या एका रिद्दिमवर, म्हणजे बेस-ड्रमच्या तयार साथीवर, शेकडो गाणी झाली, विली विल्यम्सचं 'आर्मागिडियन टाइम' झालं, ते 1979 साली इंग्लंडच्या क्लॅश या बँडने गायलं. प्रत्येक बेसच्या ओळीवर मालकीचा शिक्का असता तर डीजे, डब, डान्सहॉल या जमैकन संगीतप्रकारांतलं काही जन्मालाच आलं नसतं. तुम्ही ज्या संगीतावर प्रेम करता ते तुमच्याच नियमाने मेलं असतं.

खर्जवेडा

पळसदरी, ती मोकळीक कुणाला होती ते बघा. गायकाने रिद्दिम पुन्हा वापरायचा तरी निर्मात्याच्या परवानगीने, निर्मात्याच्याच स्टुडिओत. टेप त्याच्या कपाटात, लेबलवर रचनाकार म्हणून बऱ्याचदा नाव त्याचंच. वादकाला त्या दिवशीचे पैसे दिले की विषय संपला. सगळ्यांनी सगळं वाटून घेतलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. इथे वाटून घ्यायचं होतं ते फक्त वादकांनी.

आणि 'तेव्हा सही केली' म्हणताना तेव्हाची परिस्थितीही बघा. जमैकात 1993 पर्यंत लागू होता तो 1911 चा साहेबाच्या राज्यातला कॉपीराइट कायदा. स्वतःचा कायदा आला तोवर बॅरेटची सगळी मोठी कामं होऊन गेली होती, मार्ली जाऊन बारा वर्षं झाली होती.

राहिला मुद्दा 'अरेंजमेंट म्हणजे रचना नव्हे' हा. त्याच 2006 साली, त्याच लंडनच्या हायकोर्टात प्रोकोल हॅरम या इंग्लिश बँडच्या ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरला 1967 च्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'मधल्या ऑर्गनच्या सुरावटीसाठी संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा मिळाला. मधल्या कोर्टात पैसे अडले, पण 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते परत दिले. अडतीस वर्षं उशिरा दावा केला म्हणून हक्क जात नाही, असंही ठरलं. म्हणजे वाद्यावरची ओळ ही रचना असू शकते हे कायद्यालाही मान्य आहे. ऑर्गनला मान्य आहे ते बेसला का नाही?

सांगलीची सई

फिशरने तडजोडीवर सही केलेली नव्हती, बॅरेटने केली होती. तिथेच दोन्ही खटले वेगळे होतात, त्यामुळे ही तुलना अर्धीच चालते.

दुसरं म्हणजे कागदावरच्या नावांवर फार विसंबू नका. 'नो वुमन, नो क्राय' कागदोपत्री व्हिन्सेंट फोर्डचं आहे, किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत गरिबांना जेवू घालणाऱ्या मार्लीच्या मित्राचं. 'वॉर' ॲलन कोल आणि कार्लटन बॅरेटच्या नावावर, 'हू द कॅप फिट' दोघा बॅरेट बंधूंच्या. जुन्या प्रकाशकाच्या, केमन म्युझिकच्या करारातून सुटण्यासाठी मार्लीने मित्रांची नावं घातली, असं त्या कंपनीचं म्हणणं होतं. तो खटला 2014 मध्ये लंडनलाच झाला आणि कंपनी हरली. थोडक्यात, बॅरेटला काही गाण्यांचं श्रेय मिळालं होतं. 'काहीच मिळालं नाही' हे चित्र बरोबर नाही.

मडगावकर

सईताई, श्रेय मिळालं ते ज्या गाण्यांवर मार्लीने नाव घातलं त्यांचं. ज्यांची बांधणी त्याने केली त्या सगळ्यांचं नाही.

खर्जवेडा

मडगावकर, नेमकं हेच. सई, 'वॉर'वर कार्लटनचं नाव आहे याचा मला आनंदच आहे. पण कोणत्या गाण्यावर कुणाचं नाव जाईल हे एकट्या मार्लीने ठरवायचं आणि त्यात वादकाला विचारायचंच नाही, हाच माझा आक्षेप आहे. करारावर एकट्याची सही असती तर गोष्ट वेगळी होती. 1974 च्या आयलंडबरोबरच्या करारात बॅरेट बंधूही होते, आपण त्यात भागीदार आहोत असं बॅरेट कोर्टात सांगत होता.

पळसदरी

मग हा आक्षेप मार्लीवर आहे की आयलंडवर, ते आधी ठरवा. मार्ली 1981 मध्ये मृत्युपत्र न करता गेला. त्याच्या मागे बायको-मुलं, वादक, कंपन्या सगळेच कोर्टात उभे राहिले. भागीदारी होती तर ती तो जिवंत असतानाच कागदावर का आली नाही, हा प्रश्न 2006 मध्ये बॅरेटच्या गळ्यात पडला. तो मुळात मार्लीला विचारायला हवा होता.