बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका
डॉक्टर, वाशीच्या तुमच्या दातांच्या क्लिनिकमध्ये बॅकअपची हार्ड डिस्क रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला कायम जोडलेली असते, असं तुम्ही सांगितलंत. खरा धोका तिथेच आहे. रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं की जोडलेल्या डिस्कही लॉक करतं, म्हणजे बॅकअपसुद्धा गेला. दोन डिस्क आलटूनपालटून वापरा. कॉपी झाली की वायर काढा, एक घरी न्या. तीही बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं पासवर्डी कुलूप) लावूनच, बॅग लोकलमध्ये राहू शकते. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअपमधला जुना आरव्हीजी (दातांचा डिजिटल) एक्स-रे पेशंटच्या नावाने शोधून उघडा. नुसत्या इमेजचं फोल्डर कॉपी झालं आणि डेटाबेस (पेशंटच्या नोंदी) राहिला, तर कुठला दात कुणाचा हेच कळत नाही! वेटिंग रूमचं वायफाय क्लिनिकच्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कपासून वेगळं हवंच. हल्ला झाला तर आधी नेटची केबल काढा, घाईने फॉरमॅट मारू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं.