जुनी गाडी, वायरिंगचा घोळ अन् डीलरचे हात वर: तुमचे अनुभव सांगा

दारव्ह्याचा कास्तकार: आज बाजारात एका पोराची नुकतीच घेतलेली जुनी गाडी चौघं ढकलत होते, अन् मले आमची पांढरी आठवली. सोयाबीन विकून घेतली होती. रातभर उभी ठेवली की सकाळी बॅटरी बसलेली. डीलर म्हणे बॅटरी बदला. नवी टाकली, तेही बसली. शेवटी गावच्या इलेक्ट्रिशियननं सीटखालचं कार्पेट उचललं तं खाली गाळ! पुरातली गाडी. कनेक्टर हिरवे पडलेले. डीलर म्हणे, "जशी आहे तशी घेतली ना भाऊ, सही पहा." तुमच्यावर आलं असंन तं लिवा.

आर्वीची ताई: सही दाखवू दे त्याले. दोष माहीत असून लपवला असंन तं तेवढ्यानं तो सुटतेच असं नाही. माह्या भावानं वर्ध्याच्या ग्राहक आयोगात टाकली होती तक्रार. डीलर नागपूरचा, पण 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथं टाकता येते. 5 लाखांपर्यंतच्या गाडीले फी नाही. 2 वर्षांच्या आत मात्र. मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट कामी आला, तडजोडीत अर्धे पैसे भेटले. बाकी मंग लिवतो, कुकर लावलाय

रिकामटेकडा: आमचं वायरिंग उंदरानं खाल्लं. डीलर म्हणे उंदीर तुमच्या गावचे. आता कसं सिद्ध करा?

पुसदकर: बोनेटात तंबाखू ठेवा, येत नाही

रिकामटेकडा: आमचे उंदीर खर्रा खातात भाऊ

मिस्त्री: आधी मीटर लावा. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, सुरू केल्यावर 13.8 ते 14.4. सुरू असताना कमी दाखवलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, पहा. हे ठीक असूनही रात्रीतून बसत असेल तर करंट कुठंतरी जातोय. मीटर सिरीजमध्ये, म्हणजे बॅटरी अन् तिच्या वायरच्या मधे, लावून एकेक फ्यूज काढत जा. माझ्याकडे बहुतेक वेळा बाहेरून बसवलेला गाण्यांचा टेपच निघतो. अन् कागदावर लिहून घ्या, तोंडी गॅरंटी कोणी मानत नाही.

वणीचा: 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरले आरटीओचं अधिकारपत्र लागते म्हणे. मी एकाले मागितलं तं त्यानं चहा मागवला.

आर्वीची ताई: अन् तुम्ही पेला?

वणीचा: फुकटचा होता

पुसदकर: कास्तकार भाऊ, त्या पांढरीचं काय केलं मंग?

दारव्ह्याचा कास्तकार: गाळ दाखवूनच विकली, भाव पडला.

पुसदकर: भावावरून आठवलं, तुमच्याइकडे तुरीले काय चालू आहे?