भाषा नाही तिथे विचार नाही म्हणे!

पाटीपेन्सिल: काल इथे एकाने लिहिलं, "मूल ऐकतं तेच बोलतं, भाषा ही नक्कल. आणि भाषा नसेल तर विचारही नाही." वाचून डोकंच फिरलं. माझी अडीच वर्षांची नात म्हणते, "बाबा ऑफिसला जाला", "मी चित्र करलं". घरात असं कोण बोलतं? बसला, पळला ऐकून नियम तिचा तिने काढला. नकलेतून ही चूक येईल कशी? काहीतरी उपजतच असणार.

कोकणकडा: ऐकूनच काढला ना? मग उपजत काय त्यात? माझा भाचा शिकागोत वाढला. आई-बाबांशी मराठी बोलतो, पण अजून विचारतो, "मामा, आम्ही फिरायला जाऊ या?" आम्ही आणि आपण यांतला फरक जन्मतः का नाही आला?

पाटीपेन्सिल: मराठी उपजत असते असं तो भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीही म्हणत नाही हो! क्षमता उपजत असते. मध्य अमेरिकेतला निकाराग्वा देश बघा. १९७७ नंतर तिथल्या राजधानीत, मानाग्वातल्या शाळेत बहिरी मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठांवरून स्पॅनिश शिकवत होते, ते काही जमेना. मुलांनी आपापसात खुणांची नवी भाषा उभी केली आणि मागून आलेल्या धाकट्यांनी तिचं व्याकरण पक्कं केलं. कोणाची नक्कल केली त्यांनी?

ताम्हण: शाळेचा विषय निघालाच आहे तर ऐका. माझा भाऊ जन्मापासून बहिरा. त्याच्या शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची. पाय, बाय, माय... बोलून बघा आरशात, ओठ सारखेच हलतात. १८८० साली इटलीत, मिलानला, बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या परिषदेत खुणांविरुद्ध ठराव झाला, त्याची शिक्षा माझ्या भावाने शंभर वर्षांनंतर भोगली.

कोकणकडा: भावाबद्दल वाईट वाटतं, पण हा धागा शाळांचा नाही.

ताम्हण: त्याचाच आहे! "भाषा नाही तिथे विचार नाही" म्हणणाऱ्यांनीच त्याला मंद ठरवलं. आईला तोंडावर सांगितलं, "याला काही समजत नाही." आणि हा नऊ वर्षांचा पोरगा सायकलची उतरलेली चेन एकटा बसवायचा.

कोकणकडा: ते वाक्य माझं नाही, नीट वाचा आणि मग चिडा. भाषेशिवाय विचार होतो, बरं, मानलं. पण निकाराग्वातली मुलं घरी एकेकटी होती तोवर त्यांची भाषा झाली नव्हती. हे मान्य कराल की नाही?

पाटीपेन्सिल: सोबत लागते, एवढंच मान्य. नक्कल नाही.

ताम्हण: सोबत भावाला सोळाव्या वर्षी मिळाली, बहिऱ्यांच्या मंडळात. वर्षभरात खुणा आल्या. मग एक दिवस मला मध्ये बसवून त्याने आईला विचारलं, "आजोबा गेले तेव्हा मला का नाही सांगितलं? मी रोज दारात वाट बघायचो."

आजोबा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता.